तांबडा वेल, पांढरा वेल

तर कौशल्याबाईनं चिमटा मातीत खोचला आणि ती बांधावर बसली, इथवर काल झालं होतं. बसली ती रागानं नव्हे. रागवायलाही अंगात काही उरावं लागतं. समोर तांबड्या वेलावर पराग लावलेल्या फुलांच्या चाळीस चिठ्ठ्या लोंबत होत्या आणि बियांचं बोंड एकही नव्हतं. सलग तिसरं वर्ष.

अकोल्याजवळच्या त्या मळ्यात रताळ्याचे नवे वाण काढतात. आता वेलाचा तुकडा रोवला तर तोच वेल पुन्हा येतो, पणजोबाच्या वेळचा, जसाच्या तसा. नवं काही हवं असेल तर बी पाहिजे. आणि रताळ्याचं फूल मोठं मानी. आपल्याच वेलाचा पराग ते धरत नाही, दुसऱ्या वेलाचा आणून लावावा लागतो. हे लावायचं काम कौशल्याबाई एकोणीस वर्षं करत होती. उद्या उमलणारी कळी आदल्या संध्याकाळी हेरायची, चिमट्यानं तिचे पुंकेसर काढायचे, माशी शिरू नये म्हणून तोंड दोऱ्यानं बांधायचं. सकाळी ऊन चढायच्या आत पराग लावायचा. दहाला फूल मान टाकतं. बाईची कंबर नवालाच मान टाकायची.

ज्योत्स्ना मॅडम तिथल्या शास्त्रज्ञ. त्यांनी मोठ्या हौसेनं जोडी ठरवली होती. तांबड्या सालीचा वेल अचलपूरकडचा, पिठूळ आणि गोड. पांढऱ्या सालीचा दर्यापूरकडचा. काळ्या, चिकट मातीतही तो पोसतो, असं तिकडचे लोक छातीठोक सांगत. दोघांचे गुण एका वेलात आले तर काय हवं! बाकीच्या जोड्या दुसऱ्या बायांकडे होत्या, आणि त्यांना बोंडं लागत होती. कौशल्याबाईकडे ही एकच जोडी. मग बोट कोणाकडे जाणार?

"काय वं बाई, यंदाबी वरात वापस?" शेजारच्या ओळीतून चंदानं टोमणा मारला.

"तू आपले फुलं पाय. तुह्या तोंडालेच दोरा बांधाले पायजे."

तेवढ्यात मॅडम आल्या. वेलाकडे पाहिलं, मग बाईच्या डोळ्यांकडे.

"कौशल्याबाई, चष्म्याचा नंबर कधी तपासला?"

"दिवाळीच्या आंधी."

"हात थरथरतो का हो?"

"नाही, मॅडम."

"एक तारखेपासून ही ओळ चंदा बघेल. तुम्ही निंदणाला जा. तेवढाच आराम."

आता साठीच्या बाईला दिवसभर उन्हात उकिडवं बसवायचं, त्याला आराम म्हणायचं! पण निंदणाचं तिला काही वाटलं नाही. गावात तिला 'फुलंवाली' म्हणत. तो हात खोटा ठरत होता. संध्याकाळी भाकर थापताना ती हाताकडेच बघत राहिली, आणि भाकर करपली.

दुसऱ्या सकाळी पांढऱ्याचा थोडा पराग उरला. ती चंदाला म्हणाली, "तुह्या वेलाचे दोन फुलं मले दे."

"काहून?"

"दे म्हटलं नं."

त्या दोन फुलांना तिनं तोच पराग त्याच हातानं लावला. पाच-सहा दिवसांत दोन्ही देठांवर हरभऱ्याएवढी बोंडं धरली. हात बरा, परागही बरा. मग याच दोघांचं काहून जमत नाही? कौशल्याबाईनं तांबड्याचं फूल तोडलं, पांढऱ्याचं तोडलं आणि तळहातावर शेजारी ठेवलं. घशातला जांभळा रंग सारखा. पानं पाहिली, खाचाही सारख्या. तीन वर्षं रोज पाहत होती, पण शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं.

पांढऱ्याच्या चिठ्ठीवर तो देणाऱ्या म्हातारीचं, जाईबाईचं, नाव-गाव होतं. रविवारी, सुटीच्या दिवशी, थकल्या पायांनी बाईनं दर्यापूरची एसटी धरली. जाईबाई अंगणातच बसली होती.

"आजी, हा वेल तुमच्याकडे कुठून आला?"

"माह्या सासूनं आणला, मायेराहून. ओल्या फडक्यात बांधून, लग्नानंतरच्या पयल्या फेरीले. तवा त्याले लालच रताळे लागत. मंग एका साली एकाच फाट्याले पांढरे लागले. सासूले ते आवडले. तिनं तोच फाटा राखला."

"अन् सासूचं मायेर?"

"अचलपूरपासी."

सोमवारी तिनं हे सगळं मॅडमना सांगितलं. मॅडमनी दोन्ही वेलांची पानं शेजारी धरून पाहिली. मग म्हणाल्या, "होतं असं. वेलाच्या एखाद्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, सालीचा रंग तेवढा बदलतो, बाकी सगळं तेच राहतं. म्हणजे तीन वर्षं आपण एकाच वेलाचं त्याच्याशीच लग्न लावत होतो." त्यांनी स्वतः वाकून चाळीसही चिठ्ठ्या सोडल्या. कौशल्याबाई सोडू लागली तर म्हणाल्या, "राहू द्या. चूक माझी होती. मी तुमच्या डोळ्यांना दोष दिला. ओळ तुमचीच आहे. उद्यापासून दुसरा वेल घेऊ, पुन्हा पहिल्यापासून." चिठ्ठ्यांची मूठ खिशात घालून त्यांनी विचारलं, "पण कौशल्याबाई, हात बरा आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, तर तीन वर्षांत एकदा तरी बोलायचं ना?"

"कशी बोलू, मॅडम? तीन वर्स मी बी माह्याच हातावर शक घेऊन राहिलो होतो. उद्या पाहाटी येतो. आज मले जाऊ द्या, जराशी निजतो."