पाचवं नाव

सरकारी संगणक संस्थेत वकील म्हणून लागले, तेव्हा माणिकपूरच्या आमच्या बिल्डिंगीत माझा केवढा भाव वधारला! कम्प्युटरवाल्या मॅडम. मला तो साधा चालू करता येत नव्हता, हा भाग वेगळा. माझं काम एवढंच, 'कायदेशीर हरकत नाही' असं लिहायचं आणि खाली सही ठोकायची. फाइल वाचायची असते हे आमच्या साहेबांना माहीत नव्हतं, आणि मीही त्यांना कधी सांगायला गेले नाही.

तेव्हा सातबारे संगणकावर चढवायचं खूळ निघालं होतं. त्याचा नमुना आमच्या दिवट्यांनी एसीत बसून बनवला. जमिनीच्या मालकांसाठी त्यात चार रकाने. पाचवा मालक असला तर? तर काय, त्याचं नशीब! आणि आपल्याकडे वारसांची नावं लावताना आधी भाऊ, मग बहिणी. बहीण थोरली असली तरी शेवटीच. म्हणजे गळणार कोण, हे कळायला वकील लागत नाही. त्या नमुन्यावरही माझी हरकत नव्हती.

मग अर्ज यायला लागले. नाव गेलं, नाव गेलं. साहेब म्हणाले, एकच उत्तर तयार करा आणि सगळ्यांना तेच धाडा. केलं मी. 'तांत्रिक मर्यादेमुळे नोंद घेता आलेली नाही. संबंधित कार्यालयाशी संपर्क साधावा.' आता संबंधित कार्यालय म्हणजे आम्हीच की! पण साहेब त्या वाक्यावर बेहद्द खूश. इतकं गुळगुळीत मराठी त्यांना म्हणे जमत नसे.

रिक्षा स्टँडजवळ एक बाई भाजी घेऊन बसायची. खाडीकडच्या गावातली, घरच्या वाडीतली वांगी, अळू, केळी आणायची. मला वकीलबाई म्हणायची आणि वर चार काड्या कोथिंबीर टाकायची. एका शनिवारी तिने पाटीखालून पाकीट काढलं. वडिलांच्या जमिनीला चार भाऊ आणि ही. हाताने लिहिलेला जुना सातबारा तिने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता, त्यावर पाच नावं. नव्या छापील उताऱ्यावर चार. भावांनी तोच बिल्डरला दाखवला होता आणि सोमवारी खरेदीखत होतं. जमिनीबरोबर वाडीही जाणार होती. तिने अर्ज केला होता, त्याचं उत्तर आलं होतं, आणि तिला वाचता येत नव्हतं.

"वकीलबाई, माझं नाव परत लावलं का, तेवढं सांगा."

वाचायची गरजच नव्हती, मला ते पाठ होतं. तरी वाचल्यासारखं केलं. लाज वाटली, भयंकर वाटली. पण तोंडातून निघालं ते कचेरीतलंच. म्हटलं, अजून नाही लावलेलं, संबंधित कार्यालयात जावं लागेल.

तिने कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. "ही सही कोनाची?"

सही माझी होती. ठसठशीत, आडनावासकट.

"वाचता येत नाही," मी म्हणाले.

तिने कागदाची घडी केली, पिशवीत ठेवली आणि वांग्यांवर पाणी शिंपडायला लागली.

"सही पन धड करता येत नाय," ती म्हणाली, "आनि माझं नाव काढायला निघालेत."

मग माझी वांगी तोलली, आणि नेहमीसारखी वर कोथिंबीर टाकली.