छबूची गोफण

छबुबाई आज पन्नाशी ओलांडलेली बाई आहे. दसऱ्याला ऊसतोडीला जाते, उन्हाळ्यात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, परत येते. चाळीस वर्षं तेच. पण मला आठवते ती सातवीतली छबू. धारूरच्या घाटाखाली आमची शाळा, मी तिथं मास्तर, आणि ही पोरगी माझीच परीक्षा घ्यायची. मला राग लवकर येतो, आधीच सांगून ठेवतो.

शहाऐंशीचा दुष्काळ होता. फळ्यावर उपग्रह काढून मी सांगितलं, "पृथ्वी त्याला आत ओढते, दुसरं बळ बाहेर ढकलतं. दोन्ही सारखी, म्हणून तो पडत नाही."

छबू उठली. "गुरुजी, ज्वारी राखताना मी गोफण फिरवायची. दोरी सोडली की धोंडा बाहेर न्हाई जात, सरळ म्होरं जातो. मग बाहेर ढकलणारं कोण हाय?"

वर्ग खिदळला. "लई शहाणी झालीस? बस खाली!" मी खेकसलो. खरं म्हणजे मला उत्तरच येत नव्हतं.

दसऱ्याच्या तोंडावर ती शाळेत यायची थांबली. मी घरी गेलो, तर पोरगी कोयत्याला धार लावत बसलेली.

"बन्सी, अरे हिला कुठं नेतोस?" मी तिच्या बापाला विचारलं.

"कारखान्यावर. नवरा-बायकू मिळून एक कोयता धरतात, गुरुजी. एकट्याला कोण घेतंय? हिच्या आईची कंबर मागल्या साली मोळीखाली मोडली, तुमाला म्हाईत हाय."

आई, साखराबाई, भिंतीकडं तोंड करून पडली होती. खुंटीवरची गोफण काढून मी बन्सीपुढं धरली. "सोड की रे पोरीला. लई लांब जाईल."

"दोरी माझ्या हातात असती तर कवाच सोडली असती, गुरुजी. हिरीत थेंब न्हाई. हितं राहून खायाचं काय?"

तसाच सोसायटीचे चेअरमन आबासाहेबांकडं गेलो. गावची टोळी त्यांच्याच शब्दानं सहकारी कारखान्यावर जायची. ते पान जमवत म्हणाले, "पाऊस पाडा गुरुजी, मग बोला." हात हलवत परत आलो.

ट्रक निघाला तेव्हा छबू वरून ओरडली, "हजेरीतनं माझं नाव काढू नका, गुरुजी!" नाही काढलं. रोज सकाळी पुकारायचो.

आखाजीला टोळी आली. छबू घरी न जाता थेट शाळेत आली. हात उसाच्या पाचटानं चिरलेले.

"गुरुजी, उत्तर गावलं. उपग्रह पडतच असतो. सारखा. पर म्होरं बी लई जोरात पळतो, म्हणून जमीन लागत न्हाई त्याला. बाहेर ढकलणारं कुणीच न्हाई."

"कुठं शिकलीस हे?"

"ट्रक भरताना. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरनं पळतच चढावं लागतं. थांबलं की पडलंच." तिनं माझ्याकडं बघितलं. "बरोबर हाय का?"

"बरोबर आहे. चूक माझी होती, छबू."

ती हसली. "मग परीक्षा कवा हाय?"

परीक्षा होऊन पंधरा दिवस झाले होते. तिच्या नावापुढं लाल शाईनं 'गैरहजर' मीच लिहिलं होतं.