घरची लाईट आणि सासऱ्यांची गाणी

तमाम नाशिककरांस, आणि त्यातही जावई या पदावर तहहयात नेमणूक झालेल्या गृहस्थांस, कळवण्यात येते की आमच्या सासऱ्यांच्या संगीताने गृहत्याग केला आहे. इंदिरानगरातल्या रो-हाऊसच्या जिन्याखालून निघून, हवेतून प्रवास करत, ते पुण्यातल्या एका उंच इमारतीत सासऱ्यांच्या मोबाइलमध्ये सुखरूप पोचलं. हा प्रवास मी घडवून आणला. टाळ्या वाजवायच्या असतील तर आत्ताच वाजवून घ्याव्यात, पुढे तशी संधी येणार नाही.

सासरे सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. निवृत्त झाले तरी स्टोअर त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. घरात भिंतभर लोखंडी रॅक होता आणि त्यावर कॅसेटी. गल्लीच्या गणपतीपुढची गाणी, गोदाकाठच्या मंदिरांतली भजनं, सायखेड्याच्या एका मित्राचे अभंग, रेडिओवरून उतरवलेलं नाट्यसंगीत. कोणी कॅसेट मागितली की ते चष्म्यावरून बघत विचारायचे, "कशासाठी हवी?" ऐकण्यासाठी हवी, हे उत्तर त्यांना पुरेसं वाटत नसे.

जावई आणि सासरा यांना एकमेकांशी बोलण्यासारखं फारसं काही नसतं. हवा, पेट्रोल, मुलांची शाळा झाली की दोघेही पंख्याकडे बघतात. आमची पंख्यापासून सुटका त्या कॅसेटींनी केली. टेप चिकटायला लागल्या होत्या, म्हणून मी दर रविवारी जाऊन एकेक कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवू लागलो. ते शेजारी बसून सूचना द्यायचे. टेप फिरत असताना खोकलायची परवानगी नव्हती. चहासुद्धा फुर्र न करता प्यायचा. सासूबाई तोवर गेल्या होत्या, त्यामुळे चहा तेच करायचे, आणि तो इतका वाईट असायचा की फुर्र करण्याचा मोहच होत नसे. पण माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले रविवार होते, हे मी बायकोसमोरही कबूल करतो.

मग ते बाथरूममध्ये घसरले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि माझा मेहुणा त्यांना पुण्याला घेऊन गेला. पाय बरा होईपर्यंत, असं ठरलं. ते शब्द मेहुण्याचेच. सासऱ्यांनी मोजके कपडे घेतले. हिवाळा तोंडावर असूनही स्वेटर कपाटातच ठेवला. बायकोने विचारलं तर म्हणाले, "थंडीपर्यंत येतोय ना मी."

पुण्यात गेल्यावर त्यांचं जेवण कमी झालं. फोनवर ते चालण्याबद्दल बोलत नसत, कॅसेटींबद्दल बोलत. तेव्हा मी जिन्याखालच्या त्या जुन्या कॉम्प्युटरला इंटरनेट जोडलं, त्यात एक सोय बसवली, आणि पुण्याला जाऊन सासऱ्यांच्या मोबाइलवर तिचं दुसरं टोक बसवलं. गाणी नाशकातच राहणार, सासऱ्यांनी बोट लावलं की तिथून निघून इथे वाजणार. हे समजावून सांगताना मी हातवारे केले, टेबलावरचं मीठ नाशिक केलं आणि लोणचं पुणे. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"म्हणजे स्टोअर तिथंच आहे. नुसता माल इकडे येतो?"

"अगदी बरोबर, मामा."

"मग ठीक आहे. स्टोअर हलवायचं नाही."

त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त जेवले. मेहुण्याची बायको मला म्हणाली, "दाजी, डॉक्टरांपेक्षा तुम्हीच बरे." मी संकोच वाटल्याचा अभिनय केला. तो अभिनय माझा फार चांगला आहे.

आता जरा लाईटबद्दल. आमच्या सासऱ्यांच्या भागात शनिवारी सकाळी दुरुस्तीसाठी लाईट जाते. घोषणा होते, न होते, लाईट मात्र जाते. सासऱ्यांच्या घरातला इन्व्हर्टर सासूबाईंच्या मागोमाग गेला होता आणि त्यांनी नवा बसवला नव्हता. त्यामुळे लाईट गेली की जिन्याखालचा कॉम्प्युटर बंद, आणि पुण्यात अभंग अर्ध्या ओळीत थांबायचा. मोबाइलवर नुसतं चक्र फिरत राहायचं. लाईट आली की कॉम्प्युटर आपोआप सुरू व्हावा, अशी व्यवस्था मी करून ठेवली होती.

मला वाटलं होतं, म्हातारा वैतागेल. झालं उलटंच. गाणं थांबलं की ते मोबाइल खाली ठेवून, डायनिंग टेबलावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचे, "आमच्याकडे लाईट गेली."

मेहुणा पहिल्यांदा वर बघायचा. पंखा फिरत असायचा. "बाबा, लाईट आहे."

"इथलं कोण बोलतंय?"

पुढे तर तो त्यांचा दिनक्रमच झाला. शनिवारी लाईट गेली की ते दाढी करायला घ्यायचे. दाढी, आंघोळ उरकून पुन्हा मोबाइलवर बोट लावायचे, गाणं लागलं की म्हणायचे, "आली." पावसाळ्यात वारा सुटला आणि गाणं तुटलं की मला फोन. "जावईबापू, ती कडुनिंबाची फांदी पडली का बघा हो तारेवर." मी जाऊन बघायचो. फांदी पडलेली असायची. पुण्यात बसून ते इंदिरानगरातल्या झाडाची फांदी ओळखायचे, आणि मेहुण्याला समोर बसलेल्या बापाच्या मनातलं ओळखता येत नव्हतं. हे वाक्य मी त्याच्यासमोर बोललेलो नाही. जावयाला मत नसतं. जावयाला आमरस असतो.

पाय बरा झाला. काठी घेऊन ते जिना चढू-उतरू लागले. "आता जाईन म्हणतो," असं ते म्हणायला लागले, आणि नेमकं तेव्हाच मेहुण्याला त्या घरासाठी गिऱ्हाईक सापडलं.

घर त्याच्याच नावावर होतं. सासूबाई गेल्यावर, पुढे कटकट नको म्हणून, सासऱ्यांनी ते स्वतःहून त्याला बक्षीसपत्राने देऊन टाकलं होतं. सही करताना ते हसत म्हणाले होते, "कागद तुझ्याकडे, घर माझ्याकडे." मेहुण्याने त्यातलं पहिलं वाक्य नीट ऐकलं.

गिऱ्हाईक सटाण्याचा कांद्याचा व्यापारी. मुलींना नाशकात क्लासला ठेवायचं म्हणून घर बघत होता. मेहुणा, मी आणि माझी बायको त्याला घर दाखवायला गेलो. तो सभ्यपणे चपला बाहेर काढून सगळ्या खोल्या फिरला. जिन्याखाली हिरवा दिवा लुकलुकताना पाहून वाकला.

"हाई काय शे?"

"काही नाही, वडिलांची गाणी आहेत. काढून घेऊ आम्ही," मेहुणा म्हणाला.

मी त्याला समजावून सांगितलं. मीठ आणि लोणचं हाताशी नव्हतं, तरी त्याला समजलं. म्हातारा पुण्यात आहे आणि इथून ऐकतो, एवढं कळल्यावर तो पुन्हा त्या दिव्यापाशी वाकला.

"मंग ऱ्हाऊ द्या ना आठेच. माले काय तरास शे?"

मी मेहुण्याकडे पाहिलं. परका माणूस म्हणत होता की राहू द्या इथेच, मला काही त्रास नाही. मेहुणा हसला आणि म्हणाला, "नको नको, उगाच भानगड कशाला."

व्यवहार ठरला, आणि त्या संध्याकाळी आमच्या घरी बैठक झाली. बाबांना सांगायचं नाही, असं ठरलं. हळूहळू सांगू. मेहुणा म्हणाला, त्यांना धक्का बसेल. बायको म्हणाली, ते जेवण सोडतील. दोघांचं प्रेम इतकं उतू चाललं होतं की मला पंख्याकडे बघावंसं वाटलं.

"दाजी, तेवढी गाणी मात्र बंद पडता कामा नयेत," मेहुणा म्हणाला. "गाणी बंद पडली की त्यांना शंका येणार. वाजत राहिली की ते खूश."

"मग त्यांना खरं सांगून टाका आणि खूश ठेवा," मी म्हणालो.

"अहो, तुम्ही यात पडू नका," बायको म्हणाली. "फक्त तुमचं ते डबडं आपल्या घरी आणा."

यात पडायचं नाही, फक्त डबडं आणायचं. मी आणलं. रॅकवरच्या कॅसेटी मेहुण्याने भंगारवाल्याला दिल्या. सगळं कॉम्प्युटरमध्ये आहेच, असं तो म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं. भंगारवाल्याला आतली टेप नको होती, नुसतं प्लास्टिक हवं होतं. त्याने ओट्यावर बसून सगळ्या टेपा ओढून काढल्या. बायको आत भांडी बांधत होती. ती बाहेर आली, तो तपकिरी ढीग बघितला, आणि पुन्हा आत जाऊन भांडी बांधू लागली.

डबडं आमच्या उपनगरातल्या फ्लॅटमध्ये टीव्हीखाली बसलं. आमच्याकडे चांगला मोठा इन्व्हर्टर आहे. मेहुण्याने फोन करून खात्री करून घेतली. "इन्व्हर्टरवर जोडलंय ना? राऊटरसुद्धा?" राऊटरसुद्धा. बायकोने त्या प्लगवर चिकटपट्टी लावून लिहिलं, हात लावू नये. आमच्या घरातला फ्रीज बंद पडू शकत होता, पाणी जाऊ शकत होतं, सासऱ्यांचे अभंग आता थांबू शकत नव्हते. इतकी काळजी त्या गाण्यांची त्या दोघा बहीणभावांनी आयुष्यात कधी घेतली नव्हती.

पहिल्या शनिवारी फोन आला नाही. दुसऱ्या शनिवारीही नाही. त्यानंतर एकदा आला.

"जावईबापू, शनिवारची लाईट जात नाही हल्ली?"

मी रंगमंचावरचा माणूस. माझी वाक्यं तयार असतात. त्या दिवशी हाती लागलं ते फेकलं. "सुधारणा झाली असेल, मामा," मी म्हणालो.

"सुधारणा," ते म्हणाले. "नाशकात." आणि मुलांची चौकशी करून फोन ठेवला. त्यानंतर ते मला घरी येण्याबद्दल एकदाही बोलले नाहीत. मेहुण्याने मला आनंदाने कळवलं की बाबा आता पुण्यात रमले. जाईन जाईन म्हणणं बंद झालं, तक्रार नाही, सकाळभर गाणी ऐकतात. "बघा दाजी, उगाच घाबरत होतो आपण." आपण हा शब्द मला त्याने फार उदारपणे वाटून दिला.

त्यांच्या वाढदिवसाला आम्ही पुण्याला गेलो. वार शनिवारच होता. सकाळी सगळे जमलो, मेहुण्याच्या बायकोने श्रीखंडाचा बेत केला होता. मेहुण्याने नवा स्पीकर आणला होता, वडिलांसाठी खास. मोबाइल त्याला जोडला आणि म्हणाला, "लावा बाबा, तुमच्या मित्राचा अभंग लावा."

त्यांनी लावला. सायखेड्याच्या मित्राचा आवाज त्या हॉलमध्ये एवढा मोठा झाला की वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं. सासरे दाढी न केलेल्या गालावर हात ठेवून ऐकत होते. शनिवारी ते दाढी करत नसत आता, वेळच सापडत नसे. अभंग सुरू झाला, वाढला, आणि कुठेही न अडखळता संपला. लगेच पुढचा सुरू झाला. मेहुण्याने आमच्या सगळ्यांकडे समाधानाने पाहिलं. बायकोने माझ्या ताटात श्रीखंड वाढलं.

सासऱ्यांनी मोबाइल उचलून गाणं थांबवलं. बोटानेच थांबवलं, लाईटीने नव्हे.

"कोणाला दिलं?" त्यांनी मुलाला विचारलं.

"काय, बाबा?"

"घर."

हॉलमध्ये मिक्सर चालू असता तर बरं झालं असतं. बायको खाली बघू लागली. मेहुण्याच्या बायकोने श्रीखंडाचं भांडं उगाचच दुसरीकडे ठेवलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" मेहुणा म्हणाला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे नको बघू. ते बिचारे सुधारणा झाली म्हणून सांगत होते." सासऱ्यांचा आवाज चढला नव्हता. "घरची लाईट इतके शनिवार गेली नाही. मला वाटलं, माणूस चांगला असेल तर इन्व्हर्टर बसवून घेतला असेल त्याने. कोणाला दिलं, एवढंच सांग. मुलंबाळं आहेत का त्याला?"

तेव्हा मेहुण्याला बोलायला खूप काही होतं. धक्का बसेल म्हणून, तुमच्या तब्येतीसाठी म्हणून, हळूहळू सांगणार होतो म्हणून. यातलं काहीही चाललं असतं. त्या माणसाला दोन मुली आहेत, हे सांगितलं असतं तरी चाललं असतं. तो बापाकडे वळलाच नाही. माझ्यावर उखडून, सगळ्यांसमोर, बापासमोर म्हणाला, "दाजी, तुम्हाला ती गाणी मधूनमधून बंद पाडायला काय झालं होतं?"