धुवायचा नव्हता तो टी-शर्ट

गोगलगाय हे नाव आम्हीच तिला ठेवलं आणि तिने ते मेडलसारखं मिरवलं. हॉस्पिटलच्या तळघरातल्या लाँड्रीत ती चादरींच्या घड्या घालते. दर रविवारी सकाळी तळ्याकाठच्या बागेत दौड असते, तिच्यात ही हमखास शेवटची. "बाकीचे पळतात, मी पोचते," वर असं ऐकवते. त्या रविवारी तिची शंभरावी दौड होती.

घडी घालायला दोघी लागतात. हिने दोन टोकं धरायची, तिने दोन. झटकायची, ताणायची, मग एक जागेवर उभी राहते आणि दुसरी चालत तिच्याकडे येते. त्यामुळे तळघरात एकट्या बाईला कोणी मोजत नाही, जोडीच मोजतात. गोगलगायीची जोडीदारीण गेल्या हिवाळ्यात गेली. छाती भरली होती. तशात तिने रजा मागितली तर सुपरवायझर म्हणाला, "मग चादरींच्या घड्या काय मी घालू?" कर की मेल्या! मी युनियनचं काम बघते. त्या दिवशी तिथे नव्हते, हे त्याचं नशीब.

गोगलगायीला पळायला ओढून नेलं ते त्या जोडीदारणीनेच. तिच्या शेवटच्या दौडीचा घामेजलेला निळा टी-शर्ट हिच्या पिशवीत राहून गेला होता. ती गेल्यावर हिने पिशवीला घट्ट गाठ मारली आणि कामावरच्या कपाटात मागे सारून ठेवली. पुन्हा उघडली नाही. उघडली तर वास उडेल म्हणून.

मग एकदा दाजी भेटला, म्हणजे जोडीदारणीचा नवरा. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. म्हणाला, "घरात तिचा एक मळका कपडा नाही बघ. लाँड्रीवाली बाई, सगळं धुऊन ठेवून गेली. उशीलासुद्धा तिचा वास नाही." तेव्हा हिने शब्द दिला, "एक आहे माझ्याकडे. माझी शंभरावी होऊ दे, मग तुम्हालाच देते." दौडीच्याच दिवशी संध्याकाळी बागेत त्याच्या बँडचा कार्यक्रम होता. तिथे द्यायचं ठरलं. हे तिने मला एकटीला सांगितलं होतं, आणि मीही माझं तोंड बंद ठेवलं.

सकाळी आम्ही सगळ्या लाँड्रीवाल्या बागेत हजर. बाद झालेल्या चादरीवर लाल रंगात 'गोगलगाय १००' लिहिलं होतं. बाकीचे पळणारे घाम पुसून पाणी पिऊन पांगायला लागले, तेव्हा कुठे ही वळणावर दिसली.

"आली गं आली! तेवढ्यात चादर वाळली असती!"

"वाळून इस्त्री झाली असती!"

ती हसत, धापा टाकत चादरीखालून गेली. मग मामी पुढे झाली. मामी म्हणजे इस्त्रीच्या टेबलावरची आमची सगळ्यात जुनी बाई. तिने कागदात बांधलेलं पुडकं हिच्या हातात ठेवलं.

"तुझ्या कपाटात गुपचूप बक्षीस ठेवायला गेले, तर ही पिशवी! गाठ सोडली, शी, काय कुबट वास! तिचा टी-शर्ट असा ठेवतात का गं? दोनदा गरम पाण्यातून काढलाय. आता घाल बघू फोटोला."

कपाटांना कुलपं द्या म्हणून मी घसा फोडून दमले होते. कागद उघडला. निळा टी-शर्ट, कडक इस्त्रीचा, घडी अगदी काटेकोर.

"मामी, तुम्हाला कुणी सांगितलं होतं हो..." मी तोंड उघडलंच होतं. गोगलगायीने माझं मनगट धरलं. आयुष्यभर ओल्या चादरी पिळलेला हात तो, सुटतोय कसला!

"किती मऊ झालाय हो, मामी," ती म्हणाली. "माझ्या घामाने खराब होईल. नंतर घालते."

बाकीच्या फोटोत गुंतल्यावर ती नळाकडे गेली, मी मागोमाग. तिने टी-शर्टमध्ये तोंड खुपसलं आणि कितीतरी वेळ काढलंच नाही.

"काही नाही गं उरलं. नुसता साबण."

मला एक रस्ता दिसला. रस्ते काढणं हेच माझं काम. म्हटलं, "तू घाल, एक फेरी मार, घाम येऊ दे आणि दे त्याला. त्या बिचाऱ्याला काय कळणार?"

तिने माझ्याकडे रोखून बघितलं. "नवरा आहे तो तिचा. त्याला काय माझा वास देऊ?"

संध्याकाळी उघड्या रंगमंचासमोर आमची सगळी रांग बसली. दाजीचं क्लॅरिनेट सुरू झालं आणि बडबडी मामीसुद्धा चिडीचूप. इतकं हळू वाजवत होता की पुढचा सूर येतोय की नाही म्हणून जीव टांगणीला लागावा. वाजवताना दोनदा त्याची नजर आमच्या रांगेवरून फिरली, गोगलगायीच्या मांडीवरच्या पुडक्यावर थांबली.

मध्यंतरात तो स्वतःच खाली आला. आम्ही तिघं कडेला झाडापाशी गेलो.

"दाजी, धुतला गेला," ती सरळ म्हणाली.

त्याने टी-शर्ट घेतला, तरीही नाकाशी नेला. डोळे मिटले, उघडले.

"कुणी धुतला?"

"मीच. सवयीने हात गेला."

धडधडीत खोटं, आणि कुणासाठी, तर मामीसाठी.

"हा तळघरातल्या साबणाचा वास," दाजी म्हणाला. "घरी आली की दारातूनच ओरडायची, लांब राहा, तळघर अंगावर आहे माझ्या! अंघोळ केल्याशिवाय मला जवळ येऊ दिलं नाही कधी." टी-शर्ट खांद्यांना धरून त्याने समोर उघडा केला. "शेवटी तळघरच आलं बघ घरी."

तो तसाच धरून उभा राहिला. त्याला घडी घालता येईना. गोगलगायीने खालची दोन टोकं उचलली, ताणली. तो जागेवर, आणि ही चालत त्याच्याकडे गेली.

दुसऱ्या भागात क्लॅरिनेटवाल्याची खुर्ची रिकामी होती. बाकीच्यांनी वाजवलं कसंबसं.

"मघासारखा रंग नाही गं भरत," मामी माझ्या कानाशी कुजबुजली. "कुठे गेला हा माणूस?"

तिला सुनावायला सकाळपासून माझी जीभ शिवशिवत होती. गोगलगाय समोर बघत बसली होती, हातात तो रिकामा कागद.

"बरं वाटत नसेल त्याला, मामी," मी म्हटलं.