पाणवेलीत अडकलेली होडी

आमची एसटी नाशिकरोडला पोचली तेव्हा नुकतं उजाडलं होतं. कोल्हापूरहून निघताना एक शाल पुरेल असं वाटलं होतं, पण खाली उतरल्याबरोबर दात वाजायला लागले. लांबवर एकलहऱ्याच्या वीज केंद्राची उंच धुरांडी दिसत होती, त्यांचा अर्धा भाग धुक्यात बुडालेला. स्टँडसमोरच्या टपरीवर दोन चहा घेतले आणि निफाडकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत बसले.

आपल्या गावच्या तलावात केंदाळ किती माजलंय ते तुम्हाला सांगायला नको. ते काढायला मंडळ स्थापन करायचं ठरलं, तेव्हा आधी कुणीतरी असं काम चाललेलं बघून यावं अशी सूचना आली. शाळेतून नुकतीच निवृत्त झालेली मीच रिकामी सापडले. करंजवाडीचं नाव आमच्या एका जुन्या सहकारी बाईंनी सुचवलं होतं. तिथले लोक दर रविवारी तळ्यात उतरून पाणवेली काढतात, असं त्यांनी ऐकलं होतं. (आपण ज्याला केंदाळ म्हणतो ती जलपर्णी, तिला नाशिककडे पाणवेली म्हणतात.)

गाडी द्राक्षबागांमधून निघाली. घड भरत आले होते, काही बागांत त्यांना कागद बांधायचं काम चाललं होतं. करंजवाडीच्या फाट्यावर एक साठी ओलांडलेले गृहस्थ कानटोपी घालून स्कूटरवर बसले होते. हेच भास्करराव, मंडळाचे संस्थापक. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं. नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात झाली, निवृत्तीनंतर ते गावी परतले.

"आधी तळं बघायचं की आधी आंघोळ?" त्यांनी विचारलं.

"तळं," मी म्हटलं. ते एवढे खूष झाले की माझी पिशवी स्वतःच उचलली.

तळं गोदावरीच्या एका जुन्या वळणावर आहे. पावसाळ्यात नदी फुगली की ओहोळातून पाणी आत येतं, आणि पाण्याबरोबर पाणवेलीही. ओहोळाच्या तोंडाशी दोराला रिकामे ड्रम बांधून त्यांनी अडसर केला आहे. काठावरून बघितलं तर निम्मं तळं मोकळं, निळसर, त्यात बदकं. उरलेलं निम्मं हिरवंगार, वर जांभळी फुलं. अनोळखी माणसाला बागच वाटावी.

"दरवर्षी साफ करतो, दरवर्षी परत येते," आबा म्हणाले. "बी चिखलात पडून राहतं. आपण म्हातारे होतो, ते होत नाही."

हे बोलताना ते हसले नाहीत.

घरी त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई, म्हणजे माई, वाट बघत होत्या. जेवायला शेंगोळे (हुलग्याच्या पिठाचे वळून रश्श्यात शिजवलेले तुकडे) आणि बाजरीची भाकरी. मी तिसऱ्यांदा वाढून घेतलं तेव्हा माईंनी विचारलं, "तुमच्या मंडळात बायका किती?" मी सांगितलं, निम्म्या. "मग टिकेल," असं म्हणून त्यांनी आणखी रस्सा वाढला.

संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बैठक होती. काम कसं चालतं ते ऐकायला मी गेले आणि भांडण ऐकून आले. संदीप नावाचा तरुण बागायतदार मंडळात आहे. बागेवर औषध फवारायला त्याने मोठा ड्रोन घेतला आहे. त्या ड्रोनने तळ्यावर तणनाशक मारावं, असा ठराव आला होता. एका दुपारीत काम होईल, औषधाचा खर्चही तो करायला तयार होता. मला आश्चर्य वाटलं ते याचं की ठराव संदीपचा नव्हता. तो आबांनी मांडला होता.

"पाणवेल मरंल, पण तिथंच कुजंल ना आबा," गोरख म्हणाला. तो तळ्यात मासेमारी करतो, मंडळाची होडीही त्याचीच. "पाणी सडलं की मासं वर येतील. मग मी काय करायचं?"

"आणि गुरं तिथंच पाणी पितात," माई मागून म्हणाल्या.

"तू घरी का नाही बोललीस हे?" आबांनी वळून विचारलं.

"घरी तुम्ही ऐकता कुठं?"

सगळे हसले, आबा सोडून. निर्णय दुसऱ्या दिवशी कामानंतर घ्यायचा ठरला. परतताना आबा झपाझप पुढे निघून गेले. माई मात्र वाटेत कुणाच्या बागेत कोणती द्राक्षं आहेत ते सांगत राहिल्या.

रविवारी सकाळी काठावर जेमतेम दहाबारा माणसं जमली. लांब दांड्यांची दाताळी, दोर, कोयते. बायका काठावरून पाणवेली ओढत होत्या, पुरुष त्या पाण्यापासून लांब नेऊन ढीग घालत होते. जवळ टाकल्या तर घरंगळून परत पाण्यात जातात. मीही एक दाताळं घेतलं. एक रोप ओढलं तर त्याच्या मागे दहा आली, खाली काळ्या मुळांच्या जटा, त्यातून चिखलाचा वास. थोड्याच वेळात माझे दोन्ही तळहात सोलले.

"ताई, चला, मधला भाग दाखवतो," आबा म्हणाले. "एक फेरी मारून येऊ, मग नाश्ता."

होडीत गोरख, आबा आणि मी. मोकळ्या पाण्यातून आम्ही पार पलीकडच्या अंगाला गेलो. कुठून पाणवेल पुढे सरकते, कुठे ती पातळ आहे, आबा दाखवत होते. तेवढ्यात वारा सुटला. आधी बरा वाटला. मग गोरखने वल्हं थांबवलं आणि मागे बघितलं.

"वारं फिरलं," तो म्हणाला.

तळ्याचा तो सगळा हिरवा भाग हलत होता. आवाज नाही, घाई नाही, पण आख्खंच्या आख्खं आमच्याकडे सरकत होतं. गोरखने जीव तोडून वल्हं मारलं. मोकळं पाणी आधी ओढ्याएवढं उरलं, मग पायवाटेएवढं, मग मिटलंच. होडीच्या चारी बाजूंनी पानं दाटली. वल्हं आत जाईना. बांबू घातला तर तो गाळात रुतला.

"उतरून ढकललं तर?" मी विचारलं.

"नाय नाय. खाली पाय अडकला तर निघायचा नाय. बसून राहा, पालटंल वारं."

आम्ही बसून राहिलो. काठावरची माणसं बोटाएवढी दिसत होती. वारा काही पालटेना. आबा बडबड करत होते, मग त्यांची बडबड तुटक व्हायला लागली. मी बघितलं तर एवढ्या थंडीत त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब. हात थरथरत होते.

"आबा, काय होतंय?"

"काही नाही. सकाळी इन्सुलिन टोचलंय. खायचं राहिलं."

गोरखचा चेहरा पांढरा पडला. त्याच्याकडे फक्त तंबाखू होती. मला एसटी लागते म्हणून पर्समध्ये लिंबाच्या गोळ्या ठेवते, त्यातल्या तीन शिल्लक होत्या. तिन्ही आबांच्या तोंडात घातल्या. गोरखने फोन लावला आणि ओरडला, "संदीप, आबांना साखर कमी झाली! होडी निघत नाय!"

नंतर जो काळ गेला तो मला नीट आठवत नाही. मी आबांचा हात धरून त्यांना उगीच काहीबाही विचारत होते, ते झोपू नयेत म्हणून. वीज केंद्रात पाळी कशी असायची, माईंना पहिल्यांदा कुठे बघितलं. "सटाण्याला," ते म्हणाले. "लग्नात. दुसऱ्याच्या." आणि डोळे मिटायला लागले.

मग घरघर ऐकू आली. काठावरून काहीतरी मोठं उडालं आणि पाणवेलीवरून थेट आमच्याकडे आलं. संदीपचा ड्रोन. खाली एक कापडी पिशवी लोंबकळत होती. त्याच्या वाऱ्याने पानं आडवी झाली, माझी शाल उडाली. गोरखने उभं राहून पिशवी पकडली आणि गाठ कोयत्याने कापली. आत गुळाचा खडा, बिस्किटं आणि पाण्याची बाटली. गुळाचा चुरा मी आबांच्या तोंडात भरवला. हळूहळू त्यांच्या डोळ्यांत ओळख परतली.

ड्रोन पुन्हा आला तेव्हा त्याच्या पायाला जाळ्याचा बारीक दोर बांधलेला होता. त्या दोराच्या मागे जाडजूड सोल (बैलगाडीला बांधतात तो दोर). गोरखने ती ओढून घेतली, होडीच्या नाकाला आवळली आणि हात वर केला.

तेव्हा कुठे मी काठाकडे नीट बघितलं. सकाळची दहाबारा माणसं नव्हती ती. सगळं गाव आलं होतं. बागेतून कात्री हातात घेऊन आलेल्या बायका, पारावरचे म्हातारे, दुकान उघडं टाकून आलेला वाणी. सगळ्यांनी सोल धरली होती. होडी आधी नुसती कुरकुरली, मग वीतभर सरकली. गोरख पुढे वाकून कोयत्याने पाणवेल तोडत होता. असं वीत वीत करत आम्ही काठाला लागलो.

 माईंनी डबा उघडून आबांच्या पुढ्यात ठेवला आणि ते पहिला घास घेईपर्यंत त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग पदराने डोळे पुसून भांडी गोळा करायला लागल्या.

"इतकी माणसं!" आबा इकडे तिकडे बघत म्हणाले. "इतक्या वर्षांत तळ्यासाठी कधी आली नाहीत."

"तळ्यासाठी नायच आलो," एक म्हातारी फटकन म्हणाली. "तुमच्यासाठी आलो."

बैठक तिथेच झाली. संदीप म्हणाला, यंदा फवारणी नको, ड्रोनने दर आठवड्याला वरून बघू, नवी पाणवेल कुठे धरतेय ते कळेल, ती कोवळी असतानाच काढू. बहुतेकांना ते पटलं. फवारणीच्या बाजूने कोण, असं विचारल्यावर एकच हात वर झाला. आबांचा.

"हात खाली घ्या आता," माई म्हणाल्या. "भाकरी गार होतेय."

दुपारी ओसरीत ऊन खात बसलो असताना मी आबांना विचारलं, एवढं होऊनही तुम्ही हात का वर केलात?

"मला ठाऊक होतं, ठराव पडणार," ते म्हणाले. "गोरखचं खरं आहे. पण ताई, मी थकलोय. हे सांगायची दुसरी रीत मला सापडली नाही. मंडळ मी काढलं, मीच कसं म्हणू की एक रविवार मला येववत नाही?"

माई आत तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबलेला मला दिसला. "म्हणायचं की," त्या आतूनच म्हणाल्या. "मी जाईन. वल्हं मारायला शिकेन."

 आबा गुडघा चोळत बसले. मग म्हणाले, "गोरखला सांग, डावीकडे गाळ जास्त आहे."

सोमवारी सकाळी संदीपने मला फाट्यावर सोडलं, सोबत द्राक्षांची एक पेटी दिली. ती घरी पोचेपर्यंत निम्मी झाली, त्याबद्दल माफी असावी.

घरी आल्यावर तुम्ही सगळ्यांनी एकच विचारलंत, तिथली पाणवेल गेली का? नाही गेली. निम्मं तळं अजून हिरवं आहे आणि पुढच्या पावसाळ्यात नदी आणखी घेऊन येईल. पुढच्या रविवारी मी माईंना फोन केला. सोल ओढायला आलेल्यांपैकी फारच थोडे कामाला आले होते, पण ती फटकळ म्हातारी आली होती आणि दाताळं सोडायला तयार नव्हती. माईंच्या हाताला वल्ह्याचे फोड आले होते.

"आणि आबा?" मी विचारलं.

"झोपलेत," माई हळू आवाजात म्हणाल्या. "खरंच झोपलेत हो. दार लोटून आले."

काल आपल्या मंडळाची पहिली बैठक झाली. दाताळी कुठून आणायची, ढीग कुठे घालायचे, हे सगळं बोललोच. पण त्याच्याही आधी, माझ्या आग्रहाखातर, कुणी कोणत्या रविवारी घरी राहायचं ते ठरवलं. पहिला रविवार सर्वांत उत्साही माणसाला, आपल्या अध्यक्षांना, सक्तीने दिला आहे. ते अजून माझ्यावर रुसलेले आहेत.