भरितातलं मीठ

मी मूळचा जळगावकडचा, नोकरीनं धुळेकर झालेला. त्यामुळे भरीत कसं असावं हे धुळ्याच्या माणसांना समजावून सांगणं हे देवानं मला नेमून दिलेलं काम आहे, अशी माझी समजूत होती. बायकोला ती नेमणूक कधीच मान्य नव्हती.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत पीक घरात आलं की उपकारस्तुतीचा सण होतो. उपासना झाली की चर्चच्या आवारात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची आणि सगळ्यांनी एका पंगतीत भरीत-पुरी खायची. फोडणी मात्र अक्कांचीच. अक्का म्हणजे मंडळीतली सगळ्यात वडीलधारी बाई. त्यांच्या हातच्या भरितावाचून झालेला सण कुणाला आठवत नाही.

त्या वर्षी भरीत तयार करून अक्का हात धुवायला गेल्या आणि मी पातेल्यात बोट बुडवलं. मीठ कमी वाटलं. मूठभर टाकलं, ढवळलं आणि धुळ्यावर उपकार करून बाजूला झालो.

पहिल्या घासाला पंगत खोकायला लागली. "अक्का, समुद्र आणला का आज?" कुणीतरी ओरडलं. गप्प बसलो असतो तरी भागलं असतं. पण मी म्हणालो, "वय झालं हो त्यांचं. जिभेला कळत नाही आता."

अक्कांनी ते ऐकलं. हातातला झारा खाली ठेवला आणि न जेवता घरी गेल्या.

घरी येऊन मी देवाजवळ कबुली दिली. देव बरा, तो पंगतीला नव्हता. आदामानं बाईकडे बोट दाखवलं, बाईनं सापाकडे, ही गोष्ट मी स्वतः मुलांना रविवारच्या शाळेत हातवारे करून शिकवतो. माझ्या गोष्टीत तर सापाचं कामही मीच केलं होतं.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर सगळ्यांनी पुढं जाऊन घ्यायची. त्याआधी सगळे मिळून पापकबुली म्हणतात. इतक्या आवाजांत आपला आवाज आरामात लपतो, म्हणून मी ती नेहमी खणखणीत म्हणतो. त्या दिवशी पुढच्याच बाकावर अक्का बसल्या होत्या. शेजारणीला हळूच सांगत होत्या, "नाताळना सैपाक दुसरा कोनले सांगा. आते घरबी सून चाखस, मंगच मी वाढस."

माझी खणखणीत पापकबुली अर्ध्यावरच थांबली. एका मुठीत मी त्या बाईचा आपल्या हातावरचा आयुष्यभराचा विश्वास काढून घेतला होता. भाकर घ्यायला पुढं जायचं धाडस होईना. मी उठून अक्कांजवळ गेलो, वाकून कानात म्हटलं, "अक्का, मीठ मी टाकलं होतं. तुमचं भरीत बरोबर होतं. माफ करा."

त्या गर्रकन माझ्याकडे वळल्या. "म्हंजे मनी जीभ जागावर शे?"

"आहे हो."

त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच कठोर झाला. "मंग माले एकलीले काय सांगस? बठ्ठास्नासमोर दोष दिधा ना? बठ्ठास्नासमोर काढ."

पाळकसाहेब भाकर हातात घेऊन थांबले होते. पळायला जागाच नव्हती. मी सगळ्यांसमोर उभा राहिलो. सुरुवात केली, "त्या दिवशी मीठ जरा जास्त पडलं..."

"पडनं नही, टाकं!" अक्का बसल्या जागेवरून म्हणाल्या.

"मी टाकलं," मी म्हणालो. "आणि आळ अक्कांवर घातला. त्यांची चूक नव्हती."

मग मागून आवाज आला, "म्हणजे समुद्र जळगावहून आला होता तर!" सगळं चर्च हसलं, पाळकसाहेबही. हसू ओसरल्यावर ते एवढंच म्हणाले, "या, आता पुढं या." अक्कांनी माझा हात धरून मला आपल्या शेजारी उभं केलं. भाकर आम्ही शेजारी-शेजारीच घेतली.

नाताळचा स्वयंपाक अक्कांनीच केला. मला वांग्यांची गरम सालं सोलायला बसवलं होतं. बोटं भाजत होती, तरी मी तक्रार केली नाही. मिठाचा डबा अक्कांच्या मांडीवर होता, दोन्ही हातांनी धरलेला. भरीत झाल्यावर त्यांनी चमचाभर माझ्यापुढं केलं.

"चाख. काय कमी शे?"

खरं सांगू? मला तेव्हाही मीठ कमी वाटलं. "काही नाही, अक्का," मी म्हणालो. पण त्या रोखून बघत होत्या, म्हणून जीभ आवरली नाही. "थोडं मीठ."

त्यांनी स्वतः चाखलं, डोळे मिटले आणि चिमूटभर मीठ टाकलं.