फुलाफुलांचा शर्ट आणि तांबडे बूट

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की नजर आधी स्वतःच्या पायांकडे जाते.

लातूर जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. औशाच्या मुलींना शिकवणीला लातूरला नेणाऱ्या एका व्हॅनमध्ये शाळकरी मुलीशी गैरवर्तन झाल्याचा फोन आला. आमच्या महिला उपनिरीक्षक तिच्या घरी गेल्या. 'व्हॅनमध्ये' एवढंच मुलगी सांगू शकली; कुणी, ते नाही. आईच्या फिर्यादीवरून पोक्सोखाली गुन्हा दाखल केला.

दुसऱ्या दिवशी व्हॅनमालक स्वतःच हजर. गाडी तोच चालवायचा. सोबत सोळा-सतरा वर्षांचा, बिनबापाचा पुतण्या.

"साहेब, त्या दिवशी गाडीत हा होता. चुकलं पोरगं. लहान हाय, सांभाळून घ्या."

पोरानं मान हलवली. "हाव, म्याच केलं."

मी खूश. चहा यायच्या आधीच वरिष्ठांना फोन करून 'गुन्हा उघड' म्हणून सांगून टाकलं.

उपनिरीक्षक बाई मात्र दारात उभ्या. "सर, अल्पवयीन पोरगं लॉकअपसमोर बसवलंय तुम्ही. आणि त्याची विचारपूस गणवेशात चालत नाही."

कुरकुरत घरी गेलो. सापडला तो फुलाफुलांचा शर्ट चढवला. बायको म्हणाली, "कुणाचं लग्न?"

वेगळ्या खोलीत, बाईंसमोर, गोड आवाजात विचारपूस सुरू केली. पोराचं एकच, "म्याच केलं, साहेब." मान खाली. मला वाटलं, शरमेनं. बाई कानाशी म्हणाल्या, "सर, तो तुमचे बूट बघून राहिलाय."

फुलाफुलांच्या शर्टाखाली खात्याचे तांबडे बूट, तेही चकाचक पॉलिश केलेले. गुपचूप काढले. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. पोरानं अंगठा पाहिला, मला पाहिलं, फिस्सकन हसलं आणि तसंच रडायला लागलं.

"काका म्हणले, तू लहान हायस, तुला कायबी होत न्हाई. तुझी माय आमच्याच घरी राहती, ध्यानात ठेव म्हणले."

"त्या दिवशी होतास कुठं?"

"मामाच्या गावाला, सोयाबीन काढायला."

मामाकडं आणि शेजारच्या शेतांत खात्री केली. पोरगं खरं बोलत होतं. मी भुललो असतो, तर पोराच्या माथी गुन्हा आणि उद्या तीच व्हॅन, तोच माणूस त्या मुलीच्या दारात.

काकाला अटक केली. व्हॅन दारात यायची थांबली, तशी मुलगी बाईंपाशी आपणहून बोलली. तिनंही काकाचंच नाव सांगितलं. पुढं न्यायालयात त्याला शिक्षा झाली.

वरिष्ठांना पुन्हा फोन करावा लागला. ते म्हणाले, "सकाळी आरोपी, संध्याकाळी साक्षीदार? तुमच्या ठाण्यात बढती लवकर मिळते."

लहान म्हणजे सुटका, हा काकाचा समज. तसं नसतं. मुलालाही बाल न्याय मंडळापुढं जावं लागतं. सोळा वर्षं पूर्ण झाली असतील आणि गुन्हा घोर असेल, तर खटला मोठ्यांसारखा चालवायचा का, तेही तिथं ठरतं. आणि साध्या कपड्यांची अट मला सोपस्कार वाटायची. आपल्याला घाबरलेलं पोर आपल्याला हवं तेच बोलतं, हे मला त्या दिवशी कळलं. शाबासकीपत्र बाईंना मिळालं, आणि त्या ते घेताना मी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

मागच्या दिवाळीत एक उंच जवान घरी आला. पोलीस भरतीत निवड झालेली, चारित्र्य पडताळणी स्वच्छ. मी ओळखलं नाही. त्यानं दाराबाहेर नवेकोरे तांबडे बूट काढले, आत येऊन माझ्या पायांकडं पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, मोजे आणलेत."